गोगलगायींची शर्यत आणि शाळेतील छापखाना

मारिया मॉन्टेसरी यांचे नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्या पुढच्या पिढीतील फ्रेंच शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांना मात्र ते भाग्य लाभले नाही. बालकाच्या मनाची ओढ हाच प्राथमिक शिक्षणाचा पाया असावा, हा विचार फ्रेने यांनी खेड्यातील सरकारी शाळेत, कष्टकऱ्यांच्या मुलांमध्ये राहून अमलात आणला. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली.

त्यांचा जन्म १८९६ साली दक्षिण फ्रान्समधील गार्स या डोंगराळ गावी झाला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ते गंभीर जखमी झाले व त्यांचे एक फुप्फुस कायमचे अधू झाले. १९२० च्या प्रारंभी बार-स्युर-लू येथील शाळेत ते रुजू झाले, तेव्हा वर्गात फार वेळ बोलले की त्यांना धाप लागे. ज्याला व्याख्यान देणेच अशक्य, त्याने मुलांना बोलू दिले, अशी कथा सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. फ्रेने यांचे वाचन मोठे होते आणि नव्या शिक्षणाचे प्रयोग पाहण्यासाठी १९२२ साली ते जर्मनीतील हॅम्बुर्गलाही जाऊन आले होते.

त्यांच्या वर्गातील एक मुलगा किड्यामुंग्यांच्या नादात सदैव दंग असे. पाठ्यपुस्तकाकडे त्याचे लक्ष नसे. खिशातील जीवजंतूंपुढे मात्र त्याला जगाचे भान राहत नसे. एके दिवशी मुलांनी गोगलगायी आणल्या आणि त्यांची शर्यत लावली. सारा वर्ग श्वास रोखून पाहू लागला. दुसऱ्या एखाद्या गुरुजींनी छडी उगारली असती. फ्रेने यांनी त्या शर्यतीचे वर्णन फळ्यावर लिहिले आणि मुलांनी ते आनंदाने वाचले, उतरवून घेतले. दुपारी ते मुलांना घेऊन गावात फिरत. विणकराचा माग, सुताराचे काम पाहून परतल्यावर त्यावर चार ओळी लिहिल्या जात.

परंतु फळा संध्याकाळी पुसला जाई आणि पुस्तक उघडले की पुन्हा परक्यांचेच शब्द. या अडचणीतूनच छापखान्याची कल्पना निघाली. १९२४ साली त्यांनी एक लहानसे हातमुद्रणयंत्र मिळविले. मुले आपापल्या आवडीचे लिहीत, वर्गापुढे वाचून दाखवीत आणि कोणता मजकूर छापायचा ते मतदानाने ठरवीत. मग सर्वांनी मिळून फळ्यावर शुद्धलेखन सुधारायचे, आणि एकेक खिळा उचलून ओळी जुळवायच्या. छापलेली पाने १९२६ पासून दूर ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील त्रेगँ येथील शाळेत जाऊ लागली. डोंगरातील मुलांना समुद्राकाठच्या जीवनाची ओळख झाली ती अशी, सवंगड्यांच्या पत्रांतून.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ‘मुलांना हवे ते करू द्या’ असे फ्रेने म्हणत नव्हते. खेळात गुंतवून शिकविण्याच्या पद्धतींवर त्यांनी टीकाच केली. आवडीला श्रमाची जोड हवी, असा त्यांचा आग्रह होता. उलटा बसविलेला एक खिळा सर्वांच्या डोळ्यांत खुपतो. तिथे छडीची गरज उरत नाही. प्रत्येक मूल आठवड्याच्या कामाची योजना स्वतः आखी. आपल्या आवडीच्या विषयाचा अभ्यास करून वर्गापुढे भाषण देण्याची प्रथाही या शिक्षणपद्धतीत रुजली. अशा अभ्यासासाठी एकेका विषयावरील पुस्तिका १९३२ पासून निघू लागल्या. पहिली होती गाड्या व बग्ग्यांवर!

त्याच वर्षी संकट ओढवले. फ्रेने तेव्हा सँ-पोल गावच्या शाळेत होते. शाळेची दुरवस्था व नगरपालिकेची अनास्था यांवरून त्यांचे महापौरांशी बिनसले होते. एका मुलाने आपले स्वप्न लिहिले: शाळेला साहित्य न देणाऱ्या महापौराला त्याने स्वप्नात ठार केले होते. ते छापले गेले. डिसेंबरात त्याचा मजकूर गावच्या भिंतींवर झळकला, उजव्या विचारांच्या वृत्तपत्रांनी गदारोळ केला आणि एप्रिल १९३३ मध्ये जमाव शाळेवर चालून आला. फ्रेने साम्यवादी होते. त्यांची ती मते या लेखकाला मान्य नाहीत, आणि तो मजकूर छापण्यापूर्वी त्यांनी दोनदा विचार करावयास हवा होता असेही वाटते. परंतु लेकराच्या स्वप्नाला गुरूची शिकवण ठरवून भिंतीवर चिकटविणे, हा न्याय नव्हे. आणि त्या जमावात पालकही होते.

सरकारने त्यांची बदली केली. त्यांनी ती स्वीकारली नाही. १९३५ साली व्हाँसजवळच्या टेकडीवर त्यांनी स्वतःची शाळा उघडली. पत्नी एलीझ यांची त्यांना साथ होती. स्पेनमधील यादवीत निराधार झालेल्या मुलांना या शाळेने आसरा दिला. १९४० साली फ्रेने यांना नजरकैदेत टाकण्यात आले. युद्धानंतर शाळा पुन्हा भरू लागली. १९६६ साली ते निवर्तले. ज्या सरकारी व्यवस्थेने त्यांना सँ-पोलमधून हलविले, तिनेच १९९१ साली व्हाँसची ती शाळा विकत घेऊन सरकारी शाळा म्हणून चालू ठेवली.