पर्टर्बेशन थिअरी म्हणजे काय? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मोजूया हायड्रोजनचा बंध

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचा. आमच्याकडे कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही, 'औषध' म्हणतात. २०१७ मध्ये जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर औषध फवारताना जिल्ह्यात २० पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. तेव्हा मी अकरावीत होतो. घरात एकच प्रश्न होता: अंगावर उडालेल्या थेंबांनी धडधाकट माणूस मरतो कसा?

त्या वेळी वापरात असलेल्या औषधांमध्ये प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस अशी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधंही होती. या गटाचं काम एका रासायनिक बंधावर चालतं. आपल्या शरीरात ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एक एन्झाइम असतं. मज्जातंतूचा निरोप पोचला की तो निरोप पुसून टाकणं हे त्याचं काम. औषधातला फॉस्फरस या एन्झाइमच्या एका ऑक्सिजनला जाऊन चिकटतो, म्हणजे तिथे बंध तयार होतो. मग निरोप पुसलाच जात नाही. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकणं, हे सगळं त्यातून येतं.

डॉक्टर ॲट्रोपिन देतात, ते लक्षणं आवरतं. प्रालिडॉक्सिम नावाचं दुसरं इंजेक्शन फॉस्फरसला एन्झाइमपासून ओढून काढतं. पण वेळ गेला की चिकटलेला भाग बदलतो आणि मग तो सुटत नाही. म्हणून 'थोडं बघू, उद्या जाऊ' करायचं नाही. औषधाची बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठायचा.

आता आपला विषय. बंध किती मजबूत आहे, किती वेळात सुटेल, हे प्रयोगाशिवाय गणिताने काढता येतं का? येतं. त्यासाठी वापरतात त्यातली एक जुनी आणि कामाची पद्धत म्हणजे पर्टर्बेशन थिअरी. मराठीत विक्षोभ सिद्धांत म्हणा. नाव भारी आहे, पण कल्पना कापूस विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

आधी ढोबळ, मग दुरुस्ती

भाव ठरवताना कोणी कापसाचा एकेक धागा तपासत नाही. आधी चांगल्या, कोरड्या कापसाचा भाव धरतात. मग आपल्या ढिगात ओलावा किती ते बघून दुरुस्ती करतात. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, ८ ते १२ टक्क्यांमध्ये त्या प्रमाणात कपात, आणि १२ च्या वर खरेदीच नाही. ही शेवटची अट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पर्टर्बेशन थिअरी तेच करते. अवघड प्रश्नाजवळचा एखादा सोपा, सुटलेला प्रश्न घ्यायचा. दोघांतला फरक म्हणजे 'धक्का'. त्या धक्क्यामुळे उत्तर किती सरकेल ते पायरीपायरीने जोडायचं.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. २६ चं वर्गमूळ हवंय. २५ चं माहीत आहे, ५. धक्का १ चा.

- पहिली दुरुस्ती: १ ÷ (२ × ५) = ०.१, उत्तर ५.१
- दुसरी दुरुस्ती: ०.१ × ०.१ ÷ १० = ०.००१ वजा, उत्तर ५.०९९
- खरं उत्तर: ५.०९९०२

दोन पायऱ्यांत काम झालं.

रेणूत सोपा प्रश्न कोणता?

रेणूतला प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकी सगळ्या इलेक्ट्रॉनना ढकलत असतो. सगळे एकाच वेळी हलतात, त्यामुळे नेमकं समीकरण सुटत नाही. मग सोपं रूप घेतात: प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांची फक्त सरासरी गर्दी जाणवते असं मानायचं. याला हार्ट्री-फॉक पद्धत म्हणतात.

यात काय सुटतं? एसटीत उभ्या माणसांचा विचार करा. 'गाडीत सरासरी इतकी गर्दी' एवढ्यावर कोणी उभं राहत नाही. शेजारचा डावीकडे झुकला की आपण उजवीकडे सरकतो. इलेक्ट्रॉनही एकमेकांना असेच चुकवतात. हार्ट्री-फॉकमध्ये हे चुकवणं धरलेलंच नाही.

ही चूक दिसायला लहान आहे, पण बंधासाठी मोठी. हायड्रोजनच्या रेणूत हार्ट्री-फॉक कितीही काटेकोर केलं तरी बंध सुमारे २३ टक्क्यांनी कमकुवत दिसतो. फ्लोरीनच्या रेणूत तर गंमतच: या पद्धतीनुसार दोन फ्लोरीन अणू जोडीपेक्षा वेगवेगळेच बरे, म्हणजे फ्लोरीनचा रेणू टिकायलाच नको. प्रत्यक्षात तो टिकतो.

१९३४ मध्ये क्रिस्टियन म्युलर आणि मिल्टन प्लेसेट यांनी मार्ग दाखवला. हार्ट्री-फॉक हा सोपा प्रश्न माना आणि सुटलेला भाग हा धक्का माना. त्यांच्या नावाने दुसऱ्या पायरीपर्यंतच्या हिशेबाला एमपी-२ आणि तिसरीपर्यंतच्या हिशेबाला एमपी-३ म्हणतात. पुढे १९७० च्या दशकात जॉन पोपल यांच्या गटाने ही पद्धत कॉम्प्युटरवर रोजच्या वापरात आणली. पोपल यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल वॉल्टर कोन यांच्याबरोबर मिळालं.

हायड्रोजनचा हिशेब, कॅल्क्युलेटरवर

हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू, दोन इलेक्ट्रॉन. अणूंमधलं अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम. एसटीओ-३जी नावाचं सगळ्यात छोटं गणिती रूप घेतलं की ऊर्जेच्या फक्त दोनच पायऱ्या उरतात. खालच्या पायरीवर दोन्ही इलेक्ट्रॉन बसलेले, वरची रिकामी. एकमेकांना चुकवायचं तर दोघेही क्षणभर वरच्या पायरीचा आधार घेतात.

ऊर्जेचं एकक हार्ट्री. १ हार्ट्री म्हणजे दर मोलला सुमारे २६२५ किलोज्यूल. आकडा जितका जास्त उणे, तितका रेणू स्थिर. आपल्याला लागणारे आकडे:

- हार्ट्री-फॉकची ऊर्जा: −१.११६७
- धक्क्याचा जोर: ०.१८१३
- दोन पायऱ्यांमधलं अंतर: १.२४८५

एमपी-२ ची दुरुस्ती म्हणजे धक्क्याचा वर्ग भागिले पायऱ्यांच्या अंतराची दुप्पट.

०.१८१३ × ०.१८१३ = ०.०३२८७
०.०३२८७ ÷ २.४९७ = ०.०१३२

एवढी ऊर्जा खाली जाते. म्हणजे −१.११६७ वरून −१.१२९९. झालं, तुम्ही क्वांटम केमिस्ट्रीचा खरा हिशेब मोबाइलवर केलात.

तिसऱ्या पायरीत आणखी ०.००४८ खाली जातं, उत्तर −१.१३४७. या छोट्या रूपातलं नेमकं उत्तर −१.१३७३ आहे. म्हणजे एमपी-२ ने चुकलेल्या भागापैकी सुमारे ६४ टक्के भरून काढला आणि एमपी-३ ने ८७ टक्के.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. निसर्गातल्या हायड्रोजनची ऊर्जा याच अंतरावर −१.१७४५ आहे. उरलेला फरक एसटीओ-३जी फारच छोटं असल्यामुळे आहे. पर्टर्बेशन थिअरी इलेक्ट्रॉनच्या चुकवाचुकवीची दुरुस्ती करते, छोट्या गणिती रूपाची नाही. त्यासाठी मोठं रूप घ्यावं लागतं.

एवढ्या बारीक आकड्यांचा उपयोग काय?

रासायनिक क्रिया सुरू व्हायला ऊर्जेचा एक चढ पार करावा लागतो. खोलीच्या तापमानाला हा चढ ६ किलोज्यूलने चुकला की क्रियेच्या वेगाचं उत्तर साधारण १० पटीने चुकतं. आपण वर जोडलेले ०.०१३२ हार्ट्री म्हणजे जवळपास ३५ किलोज्यूल. इंजेक्शनने बंध एका तासात सुटेल की दहा तासांत, हा प्रश्न असेल तर अशी दुरुस्ती सोडून चालणारच नाही.

पद्धत कुठे फसते?

आता १२ टक्के ओलाव्याची अट आठवा. दुरुस्ती लहान असेपर्यंतच 'भाव अधिक दुरुस्ती' हा हिशेब चालतो.

वर्गमुळाकडे परत जाऊ. या वेळी १०० चं वर्गमूळ २५ पासून काढायचा हट्ट करू. धक्का आता ७५ चा. पायरीपायरीने उत्तरं येतात: १२.५, मग ६.९, मग १५.३, मग −०.५. खरं उत्तर १० आहे. जितक्या पायऱ्या जोडाव्यात तितका गोंधळ वाढतो.

रेणूत हेच होतं बंध ताणल्यावर. हायड्रोजनचे दोन अणू दूर ओढत नेले की ऊर्जेच्या त्या दोन पायऱ्या जवळ येत जातात. आपल्या सूत्रात भागाकार याच अंतराने आहे. अंतर शून्याकडे गेलं की दुरुस्ती वाट्टेल तेवढी मोठी होते आणि एमपी-२ चं उत्तर खऱ्या किमतीच्याही खाली घसरत जातं. आकडा येतो, पण त्याला अर्थ नसतो.

याचा अर्थ एमपी-२ कोणत्याच क्रियेला चालत नाही असं नाही. एकीकडे नवा बंध जुळत असताना दुसरीकडे जुना सुटत असेल, तर पायऱ्यांमधलं अंतर बरंचसं टिकतं आणि ही पद्धत कामी येते. बंध सरळ मधोमध तुटून प्रत्येक अणूकडे एकेक इलेक्ट्रॉन जात असेल, तर मात्र सुरुवातीचा सोपा प्रश्नच बदलावा लागतो. एकाऐवजी अनेक मांडण्या एकत्र घेऊन सुरुवात करतात. अशा बहुसंदर्भी पर्टर्बेशन पद्धतींवर कोलकात्याचे देबाशिस मुखर्जी यांचं काम जगभर वापरलं जातं.

मोठा रेणू आला तर? पुण्याचा शिंपी-मार्ग

दुसरी अडचण कामाच्या पसाऱ्याची. एमपी-२ मध्ये रेणू दुप्पट केला की काम ३२ पट होतं. दसपट केला तर एक लाख पट. एन्झाइम तर हजारो अणूंचं असतं.

यावर महाराष्ट्रातून एक छान उपाय आला. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने १९९४ मध्ये मॉलिक्युलर टेलरिंग ॲप्रोच मांडला. नावाप्रमाणे काम शिंप्याचं. मोठ्या रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे कापायचे, प्रत्येकाचा हिशेब वेगळा करायचा, मग शिवताना जिथे कापड दुहेरी झालं तिथलं एकदा वजा करायचं. सुरुवातीला ही पद्धत रेणूभोवतीच्या विद्युत गुणधर्मांसाठी होती. पुढे ती एमपी-२ च्या ऊर्जेसाठीही वापरली गेली. त्यामुळे साध्या कॉम्प्युटरवरही मोठे रेणू आवाक्यात आले.

मोबाइलवर स्वतः करून बघा

1. ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडा आणि नवीन नोटबुक घ्या. हिशेब गुगलच्या कॉम्प्युटरवर होतो, तुमचा फोन साधा असला तरी चालतो.
2. पाय-एस-सी-एफ हे मोफत पायथन पॅकेज इन्स्टॉल करा.
3. रेणू म्हणून दोन हायड्रोजन द्या, अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम, बेसिस एसटीओ-३जी.
4. आधी हार्ट्री-फॉक चालवा, मग एमपी-२, मग एफसीआय. एफसीआय म्हणजे या रूपातलं नेमकं उत्तर.
5. −१.११६८, −१.१२९९ आणि −१.१३७३ च्या आसपास आकडे आले तर तुमचं बरोबर आहे. चौथ्या दशांशातला फरक अंतराच्या गोळाबेरजेमुळे येतो.
6. आता अंतर १, १.५, २, ३ असं वाढवत न्या. एमपी-२ आणि एफसीआय कुठे वेगळे व्हायला लागतात ते वहीत लिहा.

मी हे पहिल्यांदा पांढरकवडा ते यवतमाळ एसटीत केलं. मधे दोनदा नेटवर्क गेलं, पण उतरायच्या आत सहावी पायरी झाली होती. खरं शिक्षण त्या सहाव्या पायरीतच झालं. कारण कॉम्प्युटर चुकीचा आकडाही तितक्याच रुबाबात दाखवतो. दुरुस्ती लहान आहे ना, हे आपणच तपासायचं असतं.

औषधाच्या एका रेणूपर्यंत आणि त्या एन्झाइमपर्यंत पोचायला अजून बरंच शिकायचंय. पण आमच्या घरी २०१७ मध्ये विचारलेल्या प्रश्नाकडे जाणारी वाट या दोन हायड्रोजनपासूनच सुरू होते.