कुपाटीला मोसम होता

आमच्या आटपाडी भागातली म्हातारी माणसं 'कुंपण' हा शब्द फारसा वापरत नसत. ती 'कुपाटी' म्हणत. भिंत बांधतात, तशी कुपाटी बांधत नसत, ती 'घालत'. अंगात सदरा घालावा आणि वेळ आली की काढून ठेवावा, तशी. लहानपणी हा फरक ध्यानात आला नव्हता. पुढं तार आली, सिमेंटचे खांब आले, जाळी आली, तेव्हा कळलं की, शब्द बदलला तसा गावचा व्यवहारही बदललाय.

घरामागं परसबाग असायची. परसबाग हे मोठं नाव झालं. न्हाणीच्या पाण्यावर जगलेला तो दहा-बारा हातांचा तुकडा. त्यात वांगी, मिरच्या, दोडक्याचा वेल, घेवडा, कडेला शेवगा. ही सगळी बायकांची मिळकत. रानात काय पिकतं ते पुरुष बघायचे, पण कोरड्यासाला रोज काय शिजायचं ते ह्या तुकड्यावर ठरायचं. आणि त्याला वैरी उदंड. कोंबड्या उकरायच्या, शेरडं शेंडे खुडायची, सुटलेलं वासरू एका रात्रीत महिन्याची भाजी संपवायचं. म्हणून मिरगाच्या तोंडाला, बी टोकायच्या आधी, कुपाटी घालायची.

हे काम माझ्या आज्याचं. आम्ही त्याला तात्या म्हणायचो. कुपाटी कशी घालायची याचं त्याचं शास्त्र ठरलेलं होतं. आधी लिंबाच्या मेढी तोडायच्या. मेढीचं बूड आगटीत भाजून काळं करायचं, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. पहारीनं हातभर खोल खड्डे घ्यायचे, मेढ उभी करून कडेनं बारीक धोंडे ठोकायचे आणि मग माती. आधी माती लोटली तर पहिल्या वळवात मेढ कलते. कोपऱ्याच्या मेढीला आतल्या बाजूनं तिरका टेकू, कारण सगळा ताण कोपऱ्यावर येतो.

मग फेसाट्या. बाभळीच्या आणि बोरीच्या. पण झाडावरून तोडली आणि लावली, असं नाही. बाभळीचा हिरवा पाला म्हणजे शेरडाचं पक्वान्न. ओली फेसाटी कुपाटीला लावणं म्हणजे शेरडाला ताट वाढणं. तात्या आठ दिवस फेसाट्या उन्हात टाकायचा, पाला झडला की उचलायचा. बुडखे आत, काटे बाहेर. बेचक्यानं दाबत दाबत थर बसवायचे आणि वरून दोन्ही अंगांनी लांब काठ्या घालून घायपाताच्या भिजवलेल्या वाखानं आवळायच्या. वाख वाळला की आवळ आणखी बसतो. बुडाला धोंडे लावायचे, कोंबडीसाठी. येण्याजाण्याच्या जागी काटक्यांचा विणलेला झोपा.

बाभूळ आणि बोर दोन्ही का, असं मी एकदा विचारलं. बाभळीचा काटा लांब, पांढरा, सरळ. टोचतो आणि सुटतो. बोरीच्या काट्यांची जोडी असते, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. तो शिरला की धरून ठेवतो. तात्या म्हणाला, "बाभूळ भ्या दावती, बोर पदर धरती. दोन्ही पायजेत."

पण ह्या कुपाटीची मोठी गोष्ट ती घालण्यात नव्हती, निघण्यात होती. सुगी सरली की वेल वाळायचे, वाख कुजायचा, फेसाट्या पिचायच्या. शिमगा जवळ आला की पोरं रात्री येऊन निम्मी कुपाटी होळीला पळवायची. दुसऱ्या दिवशी शिव्या द्यायच्या, हीसुद्धा रीतच. उरलेल्या काट्या चुलीत जायच्या. मग पावसाळ्यापर्यंत परसू मोकळं. ज्या कोंबड्या-शेरडांना चार महिने दगड मारले, तीच आत हिंडायची आणि लेंड्या टाकून जमीन तयार करून ठेवायची. रानातही तेच. पीक निघालं की सड कुणाच्याही गुरांना मोकळा. धनगरांचा वाडा आला की शेतकरी आपण होऊन त्यांना बोलावून मेंढरं बसवायचा आणि खताच्या बदल्यात ज्वारी द्यायचा. ज्यांना एक गुंठाही जमीन नव्हती, त्यांच्या एखाददुसऱ्या शेरडाचा वर्षातला अर्धा चारा असा सडावर निघायचा. आमच्या कुपाटीला मोसम होता. चार-सहा महिने ती 'येऊ नका' म्हणायची, उरलेले महिने ती नसायचीच.

मोसम नसलेलं कुंपण आमच्या भागानं पहिल्यांदा पाहिलं ते फड्या निवडुंगाचं. हे झाड मूळचं आपलं नाही, अमेरिकेतलं. त्याच्यावर पोसणाऱ्या एका किड्यापासून किरमिजी रंग निघतो. त्या रंगाचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं हिंदुस्थानात निवडुंग आणि किडे दोन्ही आणून बघितले. १७९५ साली आलेला किडा निघाला हलक्या जातीचा. रंगाचा धंदा काही उभा राहिला नाही. निवडुंगाच्या काही जाती मात्र दख्खनभर माजल्या. कुंपणाला लावलेला फडा मोडून पडला तरी पडल्या जागी रुजायचा. कुंपण चालत चालत परसात यायचं, परसातून वाटेवर. तात्या सांगायचा, त्याच्या लहानपणी गावकुसाबाहेर माणसाच्या वर फड्याचं रान होतं. आत साप-विंचू, आडोशाला बसायची जागा तीच, आणि पोरांना खायला लाल बोंडं. दुष्काळात काटे भाजून फडे गुरांना घालायचे.

आणि मग ते रान बसलं. १९२६ साली सिलोनातून त्याच जातकुळीतला दुसरा किडा हिंदुस्थानात आणला गेला, मुद्दाम निवडुंग मारण्यासाठी. फड्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसायला लागली. बोटानं चिरडली की बोट लालभडक. ज्या रंगाच्या लोभानं झाड आलं, त्याच रंगाच्या किड्यानं ते संपवलं. म्हातारी माणसं म्हणायची, "देवानं नेलं." काही वर्षांत फडे मऊ पडून कोसळले. परसं उघडी पडली आणि लोक पुन्हा बाभळी-बोरीकडं वळले.

ह्याच झाडांचं कुंपण सरकारनंही घातलं होतं, आणि ते कुणाच्या भाजीसाठी नव्हतं. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ नेऊ नये म्हणून पंजाबापासून मध्य प्रांतावरून पार ओरिसाच्या बाजूपर्यंत इंग्रजांनी जकातीची रेषा आखली होती. आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरावरून ती जायची. १८६९ च्या सुमारास ही रेषा सुमारे २३०० मैल लांब होती आणि तिच्यावर सुमारे बारा हजार माणसं राखणीला होती. तिच्या मोठ्या भागावर कुंपण होतं. जिथं झाड जगेल तिथं बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग लावलेले आणि जिथं जगत नाही तिथं वाळल्या काट्यांचे ढीग. हे काम जोरानं वाढवणारे अधिकारी ॲलन ह्यूम. पुढं १८८५ साली मुंबईत काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेतला, तेच. त्यांनाही तात्याचीच अडचण आली: वाळकी कुपाटी वाळवी खाते, वणवा खातो, वारा पाडतो, वर्ष झालं की पुन्हा घाला. फरक एवढाच की, तात्याची कुपाटी शिमग्याला निघायची, सरकारची निघत नव्हती. १८७९ साली ती रेषा मोडली आणि ते काटेही असेच कुणाकुणाच्या चुलीत गेले असतील.

गुरांपुरता सरकारनं दुसरा उपाय काढला होता, कोंडवाडा. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा इंग्रजी मुलखात आला. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात न्यायचं, मालकानं दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवायचं, मालक आलाच नाही तर लिलाव. आमचा मुलूख तेव्हा औंध संस्थानात, पण कोंडवाडा आमच्या गावालाही होता, भिंती पडल्या तरी नाव राहिलंय. मोठ्या शेतकऱ्याचा बैल त्यात गेला तर तासाभरात सुटायचा. ज्याचं एकच शेरडू, त्याची बाई दोन दिवस दंडाचे पैसे गोळा करत हिंडायची. म्हणून आमच्याकडं एक अलिखित रीत होती: ज्याची कुपाटी पडकी, त्यानं दुसऱ्याचं जनावर कोंडवाड्यात घालायचं नाही. आधी आपली कुपाटी नीट कर, मग भांड.

आटपाडीजवळ ह्याच्या अगदी उलट असा एक प्रयोगही झाला. १९३९ साली औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून स्वतंत्रपूरची मोकळी वसाहत काढली. शिक्षा झालेले कैदी तिथं शेती करायचे. तुरुंगाला भिंत नाही. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' निघाला तो ह्याच प्रयोगावरून. कैद्यांच्या मळ्याभोवती काट्याची कुपाटी असली तर ती गुरांसाठी असायची, माणसांसाठी नव्हती. तिकडं बोट दाखवून तात्या म्हणायचा, "माणूस काट्यानं ऱ्हात न्हाय."

१९७२ च्या दुष्काळात आमच्याकडं कुपाटी घालायचं कारणच उरलं नाही. परसात काही उगवलं नाही, आणि बाभळीचा पाला-शेंगा गुरांच्या तोंडी गेल्या. त्या साली तोडलेल्या बाभळी परत तशा वाढल्या नाहीत. पुढं त्यांची जागा वेड्या बाभळीनं घेतली. तिचा काटा विषारी, पाला शेरडूसुद्धा तोंडी लावत नाही.

मग डाळिंब आलं, आणि डाळिंबाबरोबर तार आली. काटेरी तार जुनीच. अमेरिकेत इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं १८७४ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. आमच्या गावापर्यंत यायला तिला शंभर वर्षं लागली. बागेत पैसा गुंतला की राखण पक्की लागते, यात गैर काही नाही. आणि तारेनं बायकांचे हाल वाचवले, हेही खरं. फेसाट्या डोक्यावरून आणणं, काट्यांनी सोललेले हात, पायात मोडून पिकलेला काटा, हे माझ्या आईनं पुष्कळ भोगलं. तार आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला होता.

पण तारेचा खांब काँक्रीटमध्ये बसतो. काट्याची कुपाटी दर साली हातभर इकडं नाहीतर तिकडं सरकायची. कुणी तोंडातून शब्द काढत नव्हतं, कारण पुढच्या साली ती परत सरकणार होती. आमच्या आणि शेजारच्या नानांच्या परसामधली कुपाटी दोन्ही घरं मिळून घालायची, निम्म्या मेढी त्यांच्या, निम्म्या आमच्या. नानांच्या मुलांनी नव्वदच्या दशकात तिथं लोखंडी अँगल रोवून तार ओढली. ती सव्वा हात आमच्या अंगाला आली. मोजणी झाली, अर्ज झाले. सव्वा हातापायी दोन घरं अकरा वर्षं बोलली नाहीत. त्याहून वाईट म्हणजे आमच्या परसातला आड नानांच्या म्हातारीला तुटला. कुपाटीतल्या झोप्यातून ती दिवसातून चार वेळा पाण्याला यायची. आता गल्लीला वळसा घालून यायची, पुढं पुढं यायचीच बंद झाली.

तार कायमची, असं सगळे धरून चालले होते. तीही कायमची नसते. अँगल वरून ठणठणीत दिसतो, पण जमिनीच्या तोंडाशी, जिथं ओल आणि वारा एकत्र लागतात, तिथं आधी गंजतो. रोवताना तेवढ्या भागाला डांबर फासलं आणि काँक्रीट जमिनीच्या वर चार बोटं उतरतं ठेवलं तर पाणी थांबत नाही, आयुष्य वाढतं. नानांच्या मुलांच्या अँगलांना ते केलेलं नव्हतं. एका पावसाळ्यात तीन खांब बुडातून मोडले आणि तार आमच्या वांग्यांवर झोपली.

काटेरी तार एकट्यानं ओढता येत नाही. एकानं कोपऱ्याच्या खांबाशी पहार घालून ताण धरायचा, दुसऱ्यानं खांबाखांबाला बांधत यायचं, आणि तार सुटली तर तोंडावर येते म्हणून तिसऱ्यानं मधे लक्ष ठेवायचं. नानांचा थोरला एकटाच झटत होता. माझा धाकटा भाऊ काही न बोलता गेला आणि त्यानं पहार धरली. दुपारपर्यंत सव्वा हाताची गोष्ट कुणी काढली नाही. संध्याकाळी थोरल्यानंच विचारलं, "मधी फाटक ठिवायचं का?" म्हातारी तेव्हा राहिली नव्हती. पण फाटक ठेवलं. कडी आहे, कुलूप नाही.

आता पुतणे जाळीचं चांगलं की झटक्याच्या तारेचं चांगलं, असं मला विचारतात. रानडुकरं वाढली आहेत, त्यांचा प्रश्न खरा आहे. मी सांगतो: डुकरासाठी झटका लावा, पण नियमाप्रमाणं, झटक्याच्या यंत्रावरच, घरची वीज सरळ तारेत सोडू नका, माणसं मरतात. परसाला जाळी हवी तर लावा, कोपऱ्याचे खांब टेकू देऊन बसवा. जागा असेल तर आतून करवंदाची दुहेरी ओळ जूनमध्ये लावा. तीन-चार वर्षांत तीच खरं कुंपण होते आणि वर करवंदंही देते. मात्र शेजाऱ्याच्या अंगाला खांब रोवायच्या आधी त्याला हाक मारा, दोरी त्याच्या हातात द्या, आणि फाटकाची जागा आधी ठरवा, खांबांची मागनं.

सुगीनंतर सगळं रान मोकळं व्हायचं, ते दिवस परत येणार नाहीत. बागा बारमाही झाल्या, तसा सडही संपला. धनगरांचे वाडे आता आमच्या शिवारातून रस्त्याच्या कडेकडेनं पुढं जातात, दोन्ही बाजूंना तारा. गेल्या साली एका मेंढकीनं मला विचारलं, "दादा, ह्या गावात बसायचं कुठं?" मी तिला आमचं पडीक दाखवलं. तिथं अजून तार घातलेली नाही.