म्हाताऱ्या जनावराच्या भुलीची कुळकथा

ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. खामगावात मार्च सरत आला की दुपारचा पारा याच्या वर जातो आणि मे महिन्यात तर चाळिशी केव्हाच ओलांडलेली असते. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये मॉर्टनने ज्या ईथरची भूल देऊन जगाला थक्क केलं, ते वऱ्हाडच्या उन्हाळ्यात बाटलीचं बूच काढताच उडून जाणार. क्लोरोफॉर्मला उकळायला ६१ अंश लागतात. एडिंबरोच्या सिम्प्सनने १८४७ मध्ये तो वापरात आणला आणि आपल्याकडच्या तापत्या मुलखातल्या डॉक्टरांनी तोच जवळ केला. आज चौदा वर्षांची कुत्री गर्भाशयात पू झाला म्हणून खामगावच्या पशुवैद्याच्या टेबलावर येते. तिला कोणती भूल द्यायची, या प्रश्नाचं मूळ शोधत गेलं की वाट त्या क्लोरोफॉर्मपाशीच पोचते, आणि तीही फार लांबून नाही, हैदराबादेहून.

क्लोरोफॉर्मने पहिला बळी लगेच घेतला. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना दगावली. ती कशाने गेली यावर पुढे पन्नासहून अधिक वर्षं वाद चालला. एडिंबरोवाले म्हणत, आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर डोळा ठेवा. लंडनवाले म्हणत, हृदयच एकाएकी बंद पडतं, म्हणून नाडी सोडू नका. एडिंबरोच्या तालमीतला एडवर्ड लॉरी हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीत सर्जन होता. त्याने १८८८ मध्ये आणि पुन्हा १८८९ मध्ये या वादाचा निकाल लावण्यासाठी आयोग बसवला. खर्च सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा. दुसऱ्या खेपेला लंडनहून लॉडर ब्रंटन या डॉक्टरला बोलावून घेतलं. रूपाबाई फर्दूनजी ही हैदराबादेत शिकलेली पारशी डॉक्टरही त्या कामात होती. भूल देण्याचं शास्त्र हाती घेणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

आणि प्रयोग झाले ते मुख्यतः कुत्र्यांवर. शेकडो कुत्री क्लोरोफॉर्म देऊन मारली गेली आणि दर वेळी आधी काय थांबतं याची नोंद झाली. त्या वेळी खामगाव कापसाच्या बाजारपेठेमुळे गाजत होतं, जलंबहून येणारा रेल्वेचा फाटा १८७० मध्येच सुरू झाला होता. कारभार इंग्रजांचा असला तरी वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच होतं, १८५३ च्या तहाने फक्त इंग्रजांच्या हाती सोपवलेलं. म्हणजे भुलीच्या सुरक्षिततेचा एवढा मोठा शोध ज्याच्या खर्चाने चालला, त्याच राजाचा हा मुलूख. हे मला नुसता योगायोग म्हणून सोडून द्यावंसं वाटत नाही. आपल्या भागातल्या पशुवैद्यांना ही गोष्ट शिकताना सांगितली पाहिजे.

आयोगाने निकाल दिला की श्वास सांभाळा, हृदयाची काळजी नको. तो अर्धाच खरा निघाला. १९११ मध्ये लेव्ही या इंग्रज संशोधकाने मांजरांवर दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनलिन उसळलं, तर हृदय नुसतं थरथरत राहतं आणि बंद पडतं. घाबरलेला, धडपडणारा, अर्धवट भूल चढलेला रुग्ण सगळ्यात धोक्यात असतो. म्हणून ऑपरेशनआधी जनावराला शांत करणारं औषध देतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ही पायरी कधीच गाळू नये.

गुरांच्या डॉक्टरांची वाट जरा वेगळी होती. मुंबईला परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झालं, पण बैलाला पाडून, दोरांनी जखडून कापण्याची रीत पुढे कित्येक वर्षं चालली. सुटका केली ती जागेपुरत्या भुलीने. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्निंगने कोकेन पाठीच्या कण्याजवळ टोचलं, तेही आधी एका कुत्र्याला, आणि त्याचे मागचे पाय बधिर झाले. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झालं आणि ही रीत बरीच सुरक्षित झाली. बैलाच्या शिंगाच्या कर्करोगात शिंगाच्या मुळाशी जाणारी नस बधिर करून शिंग काढतात, बैल शुद्धीवरच असतो. ही विद्या गावोगावच्या डॉक्टरांच्या हातात पक्की बसलेली आहे, आणि म्हाताऱ्या कुत्र्यासाठी तीच फार मोलाची आहे. स्तनाची गाठ काढायची तर भोवती लिग्नोकेन भरावं, मागच्या भागाचं काम असेल तर कण्यात द्यावं. मग पूर्ण भुलीचं औषध कितीतरी कमी पुरतं. छोट्या गावाला महागड्या यंत्राआधी हे परवडतं, तरी कुत्र्यांच्या बाबतीत त्याचा विसर का पडतो हे मला कळत नाही.

विसर पडायला एक कारण झालं. १९६२ या एकाच वर्षी जर्मनीत बायरकडे झायलाझीन आणि अमेरिकेत पार्क-डेव्हिसकडे केटामीन तयार झालं. दोन्ही टोचायची औषधं. यंत्र नको, सिलिंडर नको. तालुक्याच्या दवाखान्यांत ही जोडी घरची होऊन गेली, आणि तिच्यामुळे असंख्य जनावरांचे जीव वाचले हेही खरं. तरण्या कुत्र्याला ती सोसते. म्हाताऱ्याची गोष्ट निराळी. झायलाझीनने रक्तवाहिन्या आवळतात, ठोके मंदावतात आणि हृदयातून निघणारं रक्त घटतं. केटामीन उलट हृदयाला पळवतं. मांजरात ते बरंचसं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, आणि म्हाताऱ्या मांजराचं मूत्रपिंडच आधी थकलेलं असतं.

पुढचं पाऊल एका पशुवैद्याने टाकलं. ग्लासगोला शिकलेला जॉन ग्लेन १९७२ मध्ये आयसीआय कंपनीत गेला आणि वर्षभरात त्याच्या हाती प्रोपोफॉल हे भुलीचं औषध लागलं. पहिलं द्रावण माणसांवर तपासताना काहींना तीव्र ॲलर्जी झाली, काम बंद पडायची वेळ आली. ग्लेनने हट्ट सोडला नाही. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन घेऊन त्याने ते दुधासारखं पांढरं केलं, आणि १९८६ मध्ये ते बाजारात आलं. २०१८ मध्ये त्याला लास्कर पुरस्कार मिळाला. जनावरांच्या डॉक्टरने शोधलेलं औषध आज जगभर माणसांना दिलं जातं. त्याचा गुण असा, की ते झपाट्याने उतरतं आणि शिरेतून थेंबाथेंबाने, परिणाम बघत देता येतं. म्हाताऱ्या शरीरात रक्त सावकाश फिरतं, औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ घेतं. ‘अजून झोपत नाही’ म्हणून घाईने दिलेला पुढचा डोसच घात करतो. प्रोपोफॉलनेही रक्तदाब पडतो आणि थोडा वेळ श्वास थांबू शकतो, म्हणून नळी आणि ऑक्सिजन आधी हाताशी हवा. मिडाझोलाम आणि ब्युटॉरफॅनॉल ही शांत करणारी औषधं आधी देऊन, प्रोपोफॉलने झोपवून, पुढे आयसोफ्लुरेन या हुंगायच्या भुलीवर ठेवणं, ही आज वयस्क कुत्र्यासाठी मानलेली वाट.

पण औषध बदललं म्हणजे काम झालं असं नाही. २००२ ते २००४ या काळात ब्रिटनमध्ये ९८ हजारांवर कुत्री आणि ७९ हजारांवर मांजरं भुलीखाली असताना आणि नंतर पाहिली गेली. धडधाकट कुत्र्यांत भुलीमुळे मृत्यू २,००० त एक, आजारी कुत्र्यांत साधारण ७५ त एक. वयाने धोका वाढतोच, पण त्याहून मोठी उडी दडलेल्या आजाराने पडते. म्हणून ‘भूल सोसन का याले, साहेब?’ या मालकाच्या प्रश्नाला खरं उत्तर टेबलावर मिळत नाही. ते आदल्या दिवशीच्या रक्त-लघवीच्या तपासणीत, स्टेथोस्कोपखाली आणि छातीच्या एक्स-रेत मिळतं. खामगावात जे होण्यासारखं नसेल, त्यासाठी पन्नासेक किलोमीटरवर अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी आणि मांजरांपैकी साठ टक्क्यांवर ऑपरेशन संपल्यानंतर गेली, आणि त्यांतली बरीचशी पहिल्या तीन तासांत. टाके घातले, सगळ्यांनी हात धुतले, आणि जनावर कोपऱ्यात एकटं पडलं, त्या वेळी. मांजरांत नाडी आणि ऑक्सिजन यांवर नजर ठेवली तिथे धोका घटलेला दिसला. जपानच्या ताकुओ आओयागीने १९७४ मध्ये मांडलेलं पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व कोविडमध्ये घराघरांत पोचलं. कुत्र्याच्या जिभेला लावायचं त्याचं यंत्र आता छोट्या दवाखान्यालाही घेता येतं. हैदराबादचा श्वास आणि लंडनची नाडी त्या एका चिमट्यात बऱ्याच अंशी एकत्र आली आहेत. तरी त्याच्याकडे बघत बसणारा माणूस वेगळाच हवा. सुरी धरणाऱ्यालाच भुलीवरही नजर ठेवावी लागते, ही लहान दवाखान्यातली सर्वांत मोठी उणीव आहे.

आणखी एक, आपल्या हवेमुळे सहज चुकणारी बाब. भुलीखाली शरीर ऊब धरू शकत नाही. बाहेर मे तापलेला असला तरी फरशीवर, पंख्याखाली, ओल्या अंगाने पडलेलं म्हातारं कुत्रं गारठतं, आणि गारठलेल्या यकृतातून औषध लवकर निघत नाही. अंगावर चादर, खाली गोणपाट, आणि ऑपरेशनला सकाळचा पहिला नंबर. मग ते तीन तास दवाखाना उघडा असताना, डॉक्टर जागेवर असताना जातात. मालकानेही तेवढा वेळ तिथेच थांबावं, आणि कुत्रं स्वतः मान उचलून बसेपर्यंत त्याला घरी नेण्याची घाई करू नये.