ऐकणाऱ्या यंत्राविषयी

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये ओके सेनिंग या सर्जनने आर्ने लार्सन यांच्या शरीरात पेसमेकर बसवला. तो रूने एल्मक्विस्त या इंजिनिअरने बनवला होता आणि काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१पर्यंत जगले.

ते पहिले पेसमेकर बहिरे होते. हृदय स्वतः धडधडते आहे की नाही याची दखल न घेता ते ठरलेल्या गतीने विजेचे ठोके देत राहायचे. १९६०च्या दशकात 'डिमांड' पेसमेकर आले आणि यंत्र हृदयाकडे कान देऊ लागले: ठोका आपसूक पडला तर गप्प बसायचे, चुकला तरच वीज द्यायची. या पुस्तकाचा सगळा विषय त्या एका सुधारणेतून जन्माला आला आहे. जो कान काही मिलिव्होल्टचा आवाज टिपतो, त्याच्यावर बाहेरच्या विजेचे भलतेसलतेही पडणारच.

ऑपरेशन थिएटरमध्ये हे डोळ्यांनी दिसते. छातीजवळ कॉटरी (विजेने ऊती कापणारे, रक्तस्राव थांबवणारे उपकरण) सुरू होते, मॉनिटरवरची ईसीजीची रेघ खरवडल्यासारखी होते आणि त्या गोंधळात काहीच कळत नाही. कळते ते नाडीवर बोट ठेवलेल्या भूलतज्ज्ञाला, कारण बोटाखालचा ठोका थांबलेला असतो. कॉटरीच्या लहरींना पेसमेकर हृदयाची धडधड समजून गप्प बसला आहे. अशा वेळी त्वचेवरून एक लोहचुंबक ठेवला, की बहुतेक पेसमेकर ऐकणे सोडून ठरलेल्या गतीने चालू लागतात. म्हणजे आपण त्याला पुन्हा १९५८चा बहिरा करतो! या शास्त्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

टायटॅनियमचे कवच, फिल्टर आणि टोकाशी दोन जवळजवळचे इलेक्ट्रोड असलेल्या तारा यांमुळे आजची यंत्रे खूपच सुरक्षित झाली आहेत. २०११मध्ये अमेरिकेत एमआरआयला चालणाऱ्या पेसमेकरला मान्यताही मिळाली. तरी घरी गेलेल्या पेशंटचे प्रश्न संपत नाहीत. मोबाइल कुठल्या खिशात ठेवू? (पेसमेकरपासून १५ सेंटीमीटर दूर.) इंडक्शनच्या शेगडीवर भाजी परतू का? (परता, पण साधारण दोन फुटांवरून.) हे प्रश्न किरकोळ समजू नका, भीतीपोटी स्वयंपाकघर सोडलेल्या आजीला तिचे स्वयंपाकघर परत मिळवून देणे हेही आपलेच काम.

तुम्ही डॉक्टर असा, इंजिनिअर असा की टेक्निशियन, या विषयात तुमचे मनापासून स्वागत. पहिले प्रकरण उघडण्याआधी एवढे करा: तुमच्या रुग्णालयात तो लोहचुंबक कुठे ठेवलेला असतो, ते विचारून या.