तुटक रेषेचा मागोवा

शेताची वाट अडली की माणूस आधी भांडतो, मग गावातल्या पुढाऱ्याकडे जातो आणि सगळीकडून थकला की गाव नकाशा काढतो. नकाशात त्याला हवी असते एक तुटक रेषा. ती दुहेरी असेल तर तो रस्ता कुणाच्याच सर्व्हे नंबरात धरलेला नाही. एकेरी असेल तर वाट कुणाच्या तरी नंबरातून जाते, पण तेवढी जमीन त्या नंबरात पोटखराब म्हणून लिहिलेली असते. महसूल खात्याच्या लेखी या वाटांना रुंदीही आहे: पायमार्गाला सव्वाआठ फूट, गाडीमार्गाला साडेसोळा ते एकवीस फूट. सव्वाआठ हा आकडा ना माणसाच्या पावलाशी जुळतो, ना बैलगाडीच्या चाकोरीशी. तो मोजणीच्या साखळीतून आला असावा. आपल्याकडची साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे १६. चार आणे साखळी म्हणजे सव्वाआठ फूट, आठ आणे म्हणजे साडेसोळा. तेहेतीस बाय तेहेतीसचा गुंठा ज्याला पाठ आहे, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

मोजणी येण्याआधी शेताच्या वाटेला कागद नव्हता. मोठ्या वाटांची गोष्ट निराळी. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही आहे. ज्या वाटेवरून माल जातो तिच्यावर राजाचे लक्ष असते, कारण तिथे पैसा आहे. गावातून काळ्या रानात जाणाऱ्या पाणंदीने कधी कुणाला जकात दिली नाही, त्यामुळे तिची दप्तरी नोंदही कुणी ठेवली नाही. ती होती गावच्या ध्यानात, आणि नेमके सांगायचे तर महार वतनदाराच्या ध्यानात. शीव कुठून कुठे जाते, कुठला दगड हद्दीचा, कुठली वाट कुणाच्या रानातून पूर्वापार चालत आली, हे येसकराला आणि तराळाला ठाऊक असणे गावाने गृहीत धरलेले असे. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की त्यांची साक्ष मोलाची ठरे. शपथेवर शीव चालून दाखवण्याची जोखीमही त्यांच्याच माथी येई. सरकारी माणूस आला की त्याला पुढच्या गावाची वाट दाखवायची आणि त्याचे ओझेही वाहायचे. मोबदला म्हणून वतनाचा तुकडा आणि बलुते. वाटेची राखण ही व्यवस्था करत होती खरी, पण ती वेठ होती. जुन्या गावगाड्याचे गोडवे गाताना हे विसरले जाते.

कंपनी सरकारला वाटेत रस नव्हता, साऱ्यात होता. पुणे भागात प्रिंगलने केलेली पहिली मोजणी फसली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम केले आणि १८३६ पासून तिथे तीस वर्षांचा सारा ठरला. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की केली. बैलांच्या एका जोडीला झेपेल एवढ्या रानाचा एक नंबर, नंबराभोवती बांध, कोपऱ्यांवर दगड, आणि प्रत्येक नंबराची प्रतवारी. मोजणीदार रानात साखळी ओढत फिरला तेव्हा त्याला जागोजागी लोकांनी तुडवून टणक केलेल्या पट्ट्या आडव्या आल्या. तिथे पीक येत नव्हते, मग सारा कसा बसवायचा? त्याने त्या पट्ट्या लागवडीलायक क्षेत्रातून वजा केल्या आणि नकाशावर तुटक रेषा मारली.

म्हणजे गावच्या वाटा पहिल्यांदा कागदावर आल्या त्या वजाबाकी म्हणून. चालणाऱ्याचा हक्क नोंदवावा असा कुणाचा बेत नव्हता. पण आज बांधावरच्या भांडणात ही वजाबाकीच कामी येते. वाट अडवणारा हमखास म्हणतो, 'जमीन माझ्या सातबाऱ्यावर आहे.' असते, खोटे नाही. पण सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात खाली पोटखराब आहे आणि त्याचे दोन वर्ग आहेत, 'अ' आणि 'ब'. खडक, खळे, शेतातले घर असल्या गोष्टी 'अ' मध्ये जातात. 'ब' मध्ये जाते ती रस्त्याखालची, मान्य पायवाटेखालची, किंवा इतरांच्याही वापरातल्या ओढ्या-तळ्याखालची जमीन. तिच्यावर आकार बसलेला नाही. आजोबा-पणजोबांनी ज्या पट्टीचा सारा कधी भरला नाही, आणि लोक तिच्यावरून चालतात म्हणूनच भरला नाही, तीच पट्टी नातू आता नांगराखाली घेतो. इतके दिवस सूट घेतली, आता जमीनही हवी.

ज्या वाटा कुणाच्याच नंबरात नाहीत त्यांचा निकाल १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने लावला. ३७ व्या कलमानुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा आणि दुसऱ्या कुणाच्या मालकीचे नाही असे सगळे सरकारचे ठरले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हेच २० व्या कलमात आले. मालक मिळाला, पण वाट साफ कोण ठेवणार, पावसाळ्यानंतर मुरूम कोण टाकणार, बाभळी कोण तोडणार, याबद्दल या कलमांत शब्द नाही.

तंट्यांसाठी मात्र सोय लवकर झाली. दिवाणी कोर्ट लांब, खर्चिक आणि सवडीने चालणारे. पेरणी तर दोन आठवड्यांवर आलेली. म्हणून मामलेदारालाच, म्हणजे आजच्या तहसीलदाराला, झटपट निवाड्याचे अधिकार देणारे कायदे आले. १८७६ चा जाऊन १९०६ चा आला आणि तोच मामलेदार न्यायालय अधिनियम या नावाने आजही लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमात शेत, चराई, विहिरीचे पाणी, ओढ्याचा नैसर्गिक प्रवाह यांच्या जोडीने शेताकडे जाणारे रस्ते आणि वहिवाटीच्या वाटाही येतात. अडथळा दूर करायचा आणि पुन्हा करू नये म्हणून मनाई करायची, एवढेच मामलेदाराचे काम. मालकी कुणाची, हा प्रश्न तो सोडवत नाही. कायदा करणाऱ्यांना शेतकऱ्याची निकड कळली होती, असे मला वाटते. दुसरीकडे सुविधाधिकाराचा १८८२ चा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. वीस वर्षे उघडपणे, बिनतक्रार, हक्काने आणि अखंड वापरलेल्या वाटेवर त्याने हक्क दिला.

वीस वर्षांचे हे माप इंग्लंडचे. तिथेही वाटांवरून शतकभर मारामाऱ्या झाल्या. पण तिथला नकाशा अगदी उलट बोलतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ऑर्डनन्स सर्व्हे आपल्या नकाशांवर छापत असे, की नकाशात रस्ता वा पायवाट दाखवली म्हणजे तिथून जाण्याचा हक्क सिद्ध झाला असे समजू नये. म्हणून १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला हक्काच्या वाटांचा निराळा, निर्णायक नकाशा करायला लावले. पॅरिशमधल्या लोकांनी आपापल्या वाटा चालून त्याची माहिती गोळा केली. त्या नकाशात जी वाट आली ती मोकळी ठेवायची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर आली. शेतातून आडवी जाणारी पायवाट शेतकऱ्याने नांगरली तर ठरावीक मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. मशागतीच्या पहिल्या नांगरटीसाठी १९९० च्या कायद्याने ही मुदत १४ दिवसांची ठेवली आहे. तिथले चालणारे बहुतेक हौसेने चालतात, आपल्याकडचा माणूस खताची गोणी घेऊन चालतो, हा फरक आहेच. तरी हेवा वाटावा अशी गोष्ट त्या हक्कात नाही. हक्क आपल्याकडे आधीपासून नकाशात होता. हेवा वाटतो तो त्या जबाबदारीचा.

आपल्याकडे नेमका तिचाच दुवा निखळला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले होते. ते त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये आला. वेठ संपली, फार उशिरा संपली. पण जी कामे गाव फुकटात करवून घेत होते, त्यांतली शीव आणि वाटा राखण्याची कामे पगार देऊन दुसऱ्या कुणावर सोपवावीत, असे कुणाला सुचले नाही. तलाठ्याकडे दप्तर, ग्रामपंचायतीकडे गावठाणातले रस्ते, जिल्हा परिषदेकडे क्रमांक लागलेले रस्ते. रानातली वाट कुणाच्याच यादीत बसली नाही.

त्यातच एकत्रीकरण आले. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा; त्याच्या अंमलात गावोगाव सर्व्हे नंबर मोडून गट पडले. काही ठिकाणी जुन्या नकाशातली वाट गट नकाशावर नीट उतरलीच नाही. म्हणून जाणता वकील दोन्ही नकाशे मागवतो. १९६६ च्या संहितेने तहसीलदाराला नवा अधिकार दिला: १४३ व्या कलमाखाली, शेतकऱ्याची वाजवी गरज पाहून, दुसऱ्यांच्या बांधावरून वाट देणे. मधल्या बांधाच्या दोन्ही अंगांनी निम्मी-निम्मी जागा घेऊन ही वाट निघते. विदर्भात आणखी एक पुस्तक आहे, वाजिब-उल-अर्ज. जुन्या मध्य प्रांताच्या महसूल पद्धतीतून आलेल्या या पुस्तकात खासगी जमिनीवरून जाण्याच्या, पाणी नेण्याच्या रूढी गाववार लिहिलेल्या असतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी वकिलांनी ते हातात धरलेले नसेल, विदर्भातल्या पांदणीच्या वादात मात्र ते पहिल्यांदा काढावे.

इकडे रानात वाट आकसत चालली होती. बांध कोरणे हा आपल्याकडचा जुना उद्योग. नांगराचा एक तास दरवर्षी जास्त घेतला की दहा-पंधरा वर्षांत गाडीवाटेची पाऊलवाट होते आणि कुणी एकदम काही केले असेही दिसत नाही. खातेफोड झाली, चार भावांचे चार तुकडे पडले, मागच्या दोघांना वाटच उरली नाही. वाटणीपत्रात विहिरीच्या पाळ्या लिहिल्या, वाट लिहायची राहिली. बाहेरच्या माणसाने जमीन घेऊन तारेचे कुंपण घातले. आणि नेमक्या याच काळात वाटेकडून अपेक्षा वाढली. सव्वाआठ फुटांत डोक्यावरचा भारा आणि गुरे निभत होती. ट्रॅक्टर-ट्रॉलीला ती पुरत नाही, उसाच्या ट्रकला नाही, हार्वेस्टरला तर नाहीच. तोड आली आणि ट्रक फडापर्यंत पोचत नसेल तर उसाची वाहतूक बैलगाडीने सडकेपर्यंत करावी लागते, आणि तो खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. ज्याचे शेत सडकेला लागून, त्याच्या एकराचा भाव आणि आतल्याचा भाव यांतली तफावत कुठल्याही गावात विचारून घ्यावी.

तहसीलदाराची स्थळपाहणी एकदा तरी पाहण्यासारखी असते. मंडळ अधिकारी, तलाठी, टेप धरायला कोतवाल, अर्जदार एका बांधावर, सामनेवाला दुसऱ्या, आणि मध्ये पंच, ज्यांना दोघांच्याही घरी लग्नाला जायचे असते. सामनेवाला म्हणतो, इथून वाट कधी नव्हतीच. मग कुणीतरी जुने आंब्याचे किंवा लिंबाचे झाड दाखवते: त्याच्या एका बाजूची जमीन कडक आहे, गवत निराळे आहे, चाकोरीचा खोलगट भाग अजून कळतो. पंचनाम्यात हे सगळे उतरले तर अर्ज टिकतो. 'अर्जदाराचे म्हणणे रास्त दिसते' एवढेच मोघम लिहिले तर अपिलात अगर फेरतपासणीत आदेश उडतो. आणि जागेवर आदेश अमलात आला तरी जेसीबी परत फिरल्यावर आठ दिवसांत तिथे पुन्हा काटे पडलेले दिसतात.

सरकारने या वाटांकडे पैशाच्या नजरेने पाहिले ते आधी दुष्काळात. १९७२ मध्ये खडी फोडून झालेले कितीतरी रस्ते आज जिल्हा मार्ग आहेत, आणि रोजगार हमीचा १९७७ चा कायदा त्याच अनुभवातून आला. पुढे सुवर्णजयंती राजस्व अभियानात अतिक्रमित गाडीरस्ते, पाणंद, शिवाररस्ते लोकसहभागाने मोकळे करण्याची मोहीम निघाली. २०१८ मध्ये पालकमंत्र्यांच्या नावाची पाणंद योजना, २०२१ मध्ये रोजगार हमीच्या जोडीने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना. २०२५ मध्ये शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत घ्यावी असा निर्णय झाला. या सगळ्यांत मला हा शेवटचा निर्णय महत्त्वाचा वाटतो, आणि तो रुंदीसाठी नव्हे. मुरूम दोन पावसाळ्यांत वाहून जातो. सातबाऱ्यावरची नोंद मात्र जमीन विकली तरी पुढच्या मालकाला चुकत नाही. फक्त ही नोंद प्रत्येक वाटेची व्हायला हवी, अर्ज केलेल्यांचीच नव्हे, आणि वाट दरसाल पाहून येणारा कुणीतरी एक माणूस गावात नेमायला हवा.

तोवर आपली वाट आपणच सांभाळायची आहे. भांडण नसतानाच भूमी अभिलेख कार्यालयातून जुना सर्व्हे नकाशा आणि गट नकाशा अशा दोन्ही नकला काढून ठेवा. वाटणीपत्रात आणि खरेदीखतात वाट दिशा, रुंदी आणि गट नंबरासह लिहून घ्या. चालती वाट कुणी अडवली तर अर्ज मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली करायचा असतो. मुळात वाटच नसेल आणि बांधावरून हवी असेल तर संहितेच्या कलम १४३ खाली. कलम चुकले म्हणून फेटाळलेले अर्ज तहसील कचेऱ्यांत काही कमी नाहीत. आणि कलम ५ ची मुदत वाट अडवल्यापासून सहा महिन्यांची आहे. गावकीत बैठका चालू असल्या, समोरचा 'सुगी होऊ द्या' म्हणत असला, तरी ती मुदत थांबत नाही.