अन्नसुरक्षेचे संकट आणि गमावलेल्या विश्वासाची पुनर्बांधणी : कॅडबरी प्रकरणाचा (२००३-०४) ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

अन्नाविषयीचा विश्वास हा समाजाच्या आर्थिक व्यवहाराचा एक मूलभूत घटक आहे. ओळखीच्या हलवायाकडून डोळ्यांदेखत तोलून घेतलेल्या मिठाईमागे त्या माणसाची पत उभी असे. औद्योगिक उत्पादनाच्या काळात उत्पादक व ग्राहक यांची ही ओळख संपुष्टात आली आणि तिची जागा वेष्टनावरील नावाने घेतली. ब्रँड म्हणजे एका अर्थाने अनोळखी उत्पादकाने दिलेले जामीनपत्रच होय. महाराष्ट्रात ‘कॅडबरी’ हे नाव तर इतके रुळले की, कोणत्याही कंपनीच्या चॉकलेटला कॅडबरी म्हणण्याची रीत मराठी घरांत पडली. या नावावरील विश्वासास २००३ साली मुंबईत मोठा धक्का बसला. व्यवस्थापनशास्त्राच्या अध्यापनात हे प्रकरण बहुधा एका यशस्वी जाहिरातमोहिमेची कथा म्हणून सांगितले जाते. हे स्पष्टीकरण पुरेसे आहे काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

उद्दिष्टे :

१) कॅडबरी प्रकरणाचा घटनाक्रम व त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) विश्वासाच्या पुनर्बांधणीत जाहिरात, प्रत्यक्ष सुधारणा व शासकीय यंत्रणा यांचे स्थान तपासणे.
३) नंतरच्या काळातील दोन प्रकरणांशी त्याची तुलना करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

शुद्धतेचा प्रश्न कॅडबरीच्या इतिहासात नवा नव्हता. जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये बर्मिंगहॅम येथे दुकान सुरू केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये अन्नभेसळीची भीती सर्वत्र पसरली होती. कोकोमध्ये स्टार्चसारखे पदार्थ मिसळण्याची प्रथा तेव्हा रूढ होती व कॅडबरीही तिला अपवाद नव्हती. १८६६ मध्ये कंपनीने कोकोतील अतिरिक्त स्निग्धांश काढण्याचे यंत्र वापरून भेसळविरहित कोको बाजारात आणला व शुद्धता हाच आपल्या जाहिरातीचा पाया केला. म्हणजेच या ब्रँडची कीर्ती मुळात अन्नविषयक भीतीच्या काळातच घडली. त्या वेळीही आधी उत्पादनपद्धती बदलली होती आणि शुद्धतेचा दावा त्या बदलावर आधारलेला होता.

कंपनीने भारतात १९४८ मध्ये व्यवसाय सुरू केला. पुढे ठाणे व तळेगावजवळील इंदुरी येथील कारखान्यांमुळे तिचे महाराष्ट्राशी निकटचे नाते जडले. २००३ साली भारतातील अन्नविषयक नियंत्रण प्रामुख्याने अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ अन्वये चाले व त्याची अंमलबजावणी राज्यांकडे होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले होते. या प्रश्नावर शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समितीही नेमली गेली. त्यामुळे चॉकलेटचे प्रकरण उघडकीस आले तेव्हा जनमत आधीच साशंक झालेले होते.

ऑक्टोबर २००३ मधील संकट :

ऑक्टोबर २००३ च्या प्रारंभी मुंबईत डेअरी मिल्कच्या वड्यांमध्ये अळ्या आढळल्याच्या तक्रारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. प्रशासनाने नमुने तपासले आणि कंपनीचा मालही ताब्यात घेतला. दिवाळी तोंडावर आली होती. भेट म्हणून चॉकलेटचे खोके देण्याची प्रथा शहरी मध्यमवर्गात नुकतीच स्थिरावू लागली होती. एरवी या हंगामात वाढणारी विक्री त्या वर्षी सुमारे ३० टक्क्यांनी घटली.

यानंतर दोषाविषयी वाद सुरू झाला. कारखान्यातून माल निर्दोषच बाहेर पडतो, अळ्यांचा प्रादुर्भाव दुकानातील अयोग्य साठवणुकीमुळे होतो, अशी कंपनीची भूमिका होती. या भूमिकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. किराणा दुकानात धान्य, कडधान्य व चॉकलेट शेजारी शेजारी ठेवले जाते आणि धान्यातील कीड चॉकलेटपर्यंत सहज पोहोचते. प्रशासनाचा प्रतिवाद मात्र अधिक मूलगामी होता. कीड दुकानात शिरली असे गृहीत धरले, तरी तिला आत शिरू देणारे वेष्टन कोणाचे, असा तो प्रश्न होता. कारण दुकानात घडले म्हणून उत्पादकाची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व या प्रश्नातून पुढे आले.

दुरुस्तीचा क्रम :

कंपनीने काही आठवडे आपल्या जाहिराती स्थगित ठेवल्या आणि ‘विश्वास’ या नावाने एक उपक्रम हाती घेतला. त्याअंतर्गत प्रमुख राज्यांतील सुमारे १,९०,००० किरकोळ विक्रेत्यांपर्यंत पोहोचून साठवणुकीविषयी मार्गदर्शन करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. दुकानातील मालाची तपासणी झाली आणि मोठ्या खोक्यातील नगांची संख्याही कमी करण्यात आली.

जानेवारी २००४ मध्ये नवे वेष्टन बाजारात आले. पूर्वी वडीभोवती चांदीसारखा कागद नुसता दुमडलेला असे व त्यावर नाव छापलेले आवरण असे. नव्या पद्धतीत ॲल्युमिनियमचा वर्ख उष्णतेने सीलबंद करण्यात आला व त्यावर सर्व बाजूंनी बंद असे प्लॅस्टिकचे आवरण आले. यासाठी यंत्रसामग्रीवर सुमारे १५ कोटी रुपये खर्च झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. वेष्टनाचा खर्च १० ते १५ टक्क्यांनी वाढूनही विक्रीची किंमत वाढविण्यात आली नाही. याच सुमारास अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती सुरू झाल्या. पुढील काही महिन्यांत विक्री जवळपास पूर्वपातळीवर आली.

बच्चन यांच्या लोकप्रियतेचा परिणाम नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या वेळी प्रसिद्ध अभिनेता ग्राहकाला आश्वासन देऊ लागला, त्याच वेळी ते आश्वासन स्वतःच्या बोटांनी पडताळून पाहण्याची सोय ग्राहकाला मिळाली होती. वेष्टन फाडण्यास लागणारा जोर हाच एक पुरावा ठरला. विशेष म्हणजे कंपनीने साठवणुकीचा मुद्दा सोडला नाही. तथापि तो पूर्णपणे सिद्ध होण्याची वाटही पाहिली नाही. दोषाचा वाद अनिर्णित ठेवून तिने दुरुस्तीचा खर्च स्वतःकडे घेतला.

तुलना : इंग्लंडमधील २००६ चे प्रकरण

मुंबईतील अनुभव कॅडबरीच्या मायदेशी मात्र उपयोगात आला नाही. जानेवारी २००६ मध्ये हरफर्डशायरमधील मार्लब्रुक कारखान्यात गळक्या नळामुळे चॉकलेटच्या मिश्रणात साल्मोनेला जंतूंचा शिरकाव झाला. अल्प प्रमाण धोकादायक नाही, असे स्वतःच ठरवून कंपनीने शासकीय यंत्रणेला जूनपर्यंत माहिती दिली नाही. अखेर जून २००६ मध्ये दहा लाखांहून अधिक वड्या परत मागवाव्या लागल्या आणि जुलै २००७ मध्ये बर्मिंगहॅम येथील न्यायालयाने कंपनीस दहा लाख पौंड दंड ठोठावला. मुंबईत नागरिकांची तक्रार व प्रशासनाची कारवाई यांनी प्रश्न तत्काळ चव्हाट्यावर आणला. इंग्लंडमध्ये तो काही महिने कंपनीच्या आतच राहिला. ब्रँड तोच असूनही वर्तनात फरक पडला, याचे एक महत्त्वाचे कारण बाहेरील दबाव होते.

तुलना : मॅगी प्रकरण (२०१५)

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अमलात आल्यानंतरचे मोठे प्रकरण मॅगीचे होय. शिशाचे प्रमाण व मोनोसोडियम ग्लुटामेटविषयीचा वेष्टनावरील मजकूर यांवरून ५ जून २०१५ रोजी केंद्रीय प्राधिकरणाने मॅगी नूडल्सच्या विक्रीस मनाई केली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळले गेले नाही आणि चाचण्या योग्य मान्यता असलेल्या प्रयोगशाळांत झाल्या नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. मात्र तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतील नव्या चाचण्यांनंतरच विक्री सुरू करण्याची अट घातली. नोव्हेंबर २०१५ मध्ये मॅगी पुन्हा दुकानात आली. तरी बाजारातील पूर्वीचा वाटा लगेच परत मिळाला नाही. न्यायालयात जिंकणे आणि स्वयंपाकघरात परतणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. येथे सदोष चाचण्यांमुळे नियंत्रक यंत्रणेची विश्वासार्हताही पणाला लागली होती.

निष्कर्ष :

१) अन्नविषयक संकटात ‘दोष कोणाचा’ व ‘दुरुस्ती कोणी करावी’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरासाठी न थांबता दुसऱ्याची जबाबदारी घेणारा उत्पादक विश्वास लवकर मिळवू शकतो.
२) ग्राहकाला स्वतः पडताळता येईल असा प्रत्यक्ष बदल जाहिरातीला आधार देतो. असा बदल नसेल, तर जाहिरात केवळ शब्दच ठरते.
३) कॅडबरी प्रकरणाच्या रूढ कथनात कंपनी व अभिनेता हेच नायक ठरतात. तक्रार करणारे ग्राहक आणि वेष्टनाचा प्रश्न उपस्थित करणारे अन्न व औषध प्रशासन यांना त्यात दुय्यम स्थान मिळते. हे कथन विद्यार्थ्यांसमोर ठेवताना त्यात दुरुस्ती होणे आवश्यक आहे.
४) नियंत्रक यंत्रणेचा दबाव प्रभावी ठरण्यासाठी तिच्या चाचण्या निर्दोष व कार्यपद्धती न्याय्य असावी लागते.

आज सीलबंद वेष्टनातील चॉकलेटची वडी ही सामान्य बाब वाटते. त्या वेष्टनामागे २००३ च्या दिवाळीपूर्वी काही अनामिक ग्राहकांनी केलेली तक्रार व एका सरकारी कार्यालयाने विचारलेला साधा प्रश्न आहे, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.