कळफलकरहित प्रारंभ

कळफलक जोडलेला नसतानाही संगणकाने स्वयंचाचणी पूर्ण करून कार्यप्रणाली सुरू करणे, यास कळफलकरहित प्रारंभ म्हणतात. पडदा व कळफलक न जोडता चालवल्या जाणाऱ्या सर्व्हरसाठी ही सोय अत्यावश्यक असते.

वीज मिळताच बायोस ही आज्ञावली स्मृती, कळफलक इत्यादी भागांची चाचणी घेते. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये कळफलकाचा दोष '३०१' या संकेतांकाने दर्शवला जाई. पुढे अनेक संगणक कळफलक न सापडल्यास थांबू लागले व पुढे जाण्यासाठी 'एफ१' कळ दाबण्याची सूचना देऊ लागले. नसलेल्या कळफलकावरील कळ दाबण्याची ही सूचना विनोदाचा विषय झाली. दूरस्थ सर्व्हर मात्र तिच्यामुळे खंडित वीज परतल्यावरही कोणी प्रत्यक्ष जाईपर्यंत अडून राहतो.

अवॉर्ड बायोसमधील 'हॉल्ट ऑन' या पर्यायात 'ऑल, बट कीबोर्ड' निवडल्यास केवळ कळफलकाचा दोष दुर्लक्षिला जातो. 'नो एरर्स' निवडल्यास इतर दोषांवरही यंत्र थांबत नाही, म्हणून पहिली निवड अधिक सुरक्षित. हा बदल करण्यापुरता कळफलक अर्थातच लागतो. असा पर्याय नसलेल्या संगणकांना कळफलक असल्याचा आभास निर्माण करणारा केव्हीएम स्विच जोडता येतो.

पीएस/२ कळफलक चालू संगणकास जोडल्यास बहुधा ओळखला जात नाही, क्वचित मदरबोर्डला इजाही होते. यूएसबीबाबत ही अडचण नाही. डिस्क कूटबद्ध असून प्रारंभीच परवलीचा शब्द मागितला जात असेल, तर बायोसमधील बदल पुरेसा ठरत नाही.